सगळीकडे शून्य

मित्रांनो, शाळेत तुम्ही जिला पॅड म्हणता ना, तशी मी एक जुनी लाकडी फळी आहे. रोमानियातल्या याश शहरात, यकृताच्या दवाखान्यात, मानसोपचारतज्ज्ञ स्मारांदाबाईंच्या खोलीत मी सतरा वर्षं काढली. हिपॅटायटिस सी रक्तात घेऊन वर्षानुवर्षं जगणारी माणसं मला मांडीवर घेत आणि मनाविषयीचे अठरा प्रश्न सोडवत. मुळीच नाही तर शून्य, फार असेल तर तीन. कारण त्या काळची इंजेक्शनं विषाणू मारायची, पण दुखऱ्या मनाला आणखी खाली ओढायची. लिहिणाऱ्याचा हात थरथरला तरी फळी हलत नाही, असं बाई माझं कौतुक करत.

पण बाहेरच्या बाकावर एक शहाणपण कानोकानी चाले : उदास दिसलात तर इंजेक्शन मिळत नाही, सगळीकडे शून्य लिहा. तोआदेर सुतारानं तसंच लिहिलं. त्याच्या अंगठ्याचा घाम माझ्यात मुरला. मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात तो अंथरुणातून उठेना, जेवेना. बाईंनी सुया थांबवल्या आणि अठरापैकी दोन प्रश्न उलटे करून टाकले : तिथं शून्य म्हणजेच उदास. तेव्हापासून शून्य दिसलं की मला धडकी भरते.

मग इलिंका नावाची नवी रुग्ण आली. हातात बाईंसाठी अंड्यांची पिशवी, चेहरा पांढराफटक. अठरा शून्यं तिनं भराभर काढली.

"अंडी घरी ने गं," बाई म्हणाल्या. "आणि हे काय? 'मी पोटभर हसते', शून्य. 'माणसांत रमते', तेही शून्य?"

इलिंकाचे हात माझ्यावरच गोठले. "नापास नका करू, बाई. बाकावर म्हणाले, शून्यच चालतं."

"बाकावरचे मास्तर मला ठाऊक आहेत. खरं काय ते सांग."

इलिंकानं अंड्यांची पिशवी उचलली. आता ही उठून जाणार, आणि तोआदेरच्याच वाटेनं जाणार, या भीतीनं माझा चिमटासुद्धा गार पडला.

"माझी दारिया दोन वर्षांची आहे," ती अखेर म्हणाली. "चार महिने मी तिचा पापा घेतला नाही. तिला माझा आजार लागला तर? ती हात पसरते, बाई, आणि मी भांडी घासत बसते."

पापा घेतल्यानं, कुशीत घेतल्यानं हा आजार लागत नाही, हे बाईंनी तिला दोनदा सांगितलं. इंजेक्शन नाकारलं नाही. आधी मनासाठी औषध, मग सुई, आणि दर गुरुवारी इथं येऊन बोलायचं. त्यांनी माझ्यावर कोरा कागद लावला. इलिंकानं पहिल्याच प्रश्नापुढं तीन लिहिलं. आकडा खरा होता.

आता या आजाराला नुसत्या गोळ्यांनी भागतं, प्रश्न संगणकावर येतात, आणि मी कपाटामागे धूळ खात उभी आहे. माझं राहू द्या. पण मित्रांनो, घरातलं कुणी "मला काही होत नाही" असं भराभर म्हणालं, तर त्याच्याजवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा. तोआदेरला विचारायचं माझ्या फार मनात होतं. मी लाकूड होते.