जाळीचा डब्बा

नवरा निवडताना कुणी करणार नाही एवढी चौकशी टेंभुर्णीच्या प्रियदर्शनीनं एका डब्ब्यासाठी केली. डब्बा म्हणजे कॉम्प्युटर. गेम खेळायचा, एकेक भाग निवडून स्वतः जोडायचा, स्वतःच्या कमाईचा. जाफराबादला ती कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायची. तिथली यंत्रं अशी म्हातारी की बटण दाबावं अन् चहा पिऊन यावं. घरी येऊन मोबाईलवर गेम लावला तर ऐन लढाईत तो अडकायचा अन् ही मरायची. एकदा न अडकता खेळायचं, एवढीच बाईची हौस. नाहीतर घरात तिच्या एकटीची म्हणावी अशी वस्तू कोणती? दात घासायचा ब्रश!

जालन्याच्या दुकानात तिनं दुकानदाराचं पार डोकं खाल्लं. प्रोसेसर स्वस्तातला धरला, ज्याला स्वतःहून चित्र दाखवता येत नाही; चित्राचं सगळं काम ग्राफिक कार्डावर. कार्ड जुनं घेतलं, पण तिथंच लावून, चालवून, पंख्याचा आवाज ऐकून. पॉवर सप्लायला मात्र कंजुषी नाही. टेंभुर्णीची लाईट कधी मिणमिणते, कधी भडकते, अन् हलका सप्लाय जळाला की बाकीच्यांना सोबत घेऊन जातो. मग राहिला नुसता डब्बा, हे सगळं ज्यात बसवायचं ते खोकं.

"ताई, हा काचेचा घ्या," दुकानदार म्हणाला. "आत रंगीत लाईट हाय. खोलीत दिवाळी दिसंल."

"दिवाळी नको भाऊ, हवा पाह्यजे. आमच्या घरावर पत्रे हैत."

तिनं पुढून सगळी जाळी असलेला काळा डब्बा घेतला. निवड बिलकुल बरोबर होती. अन् नेमकी तीच नडली.

कारण महिना होता धोंड्याचा. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, तेव्हा लेक-जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे अन् जावयाला वाण द्यायचं. वाणाला वस्तू लागते जाळीदार. अनारसे, बत्तासे, असलं काहीतरी. का, ते विचारू नका. सासूनं केलं म्हणून सून करते. प्रियूची थोरली बहीण मीना राजूरला दिलेली. तिचा नवरा आदिनाथ प्लॉट विकायचा, अन् न विकलेल्या प्लॉटचा राग घरी येऊन मीनावर काढायचा. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं.

लेक-जावई धोंडे जेवायला आले त्या दिवशी सगुणाबाईचे, म्हणजे प्रियूच्या आईचे, अनारसे तेलात हसले. पार भुगा झाला. उरलेसुरले चार ताटात ठेवले, तर तेही दगड.

"काय मामी," आदिनाथ अनारसा उलटापालटा करत म्हणाला, "ह्याला तर जाळीच न्हाई!"

सगुणाबाईचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात जावयाची नजर कोपऱ्यात गेली. आदल्याच दिवशी प्रियूनं तिथं डब्बा जोडून ठेवला होता. मोबाईलच्या नेटवर गेम उतरत होता, थोडाच राहिला होता.

"ह्याला हाय की मस्त जाळी! हे चालंल वाणाला."

सगळे हसले. प्रियूही हसली. हसायला नको होतं, पण मजाकीला माणूस हसतंच. हसला नाही तो एकटा रामकिसन, तिचा बाप. तो उठून उभा राहिला.

"जावईबापूंनी तोंडानं वाण मागितलं. आता न्हाई कसं म्हणावं?"

"न्हाई हो मामा, मी आपली मजाक केली," आदिनाथ म्हणाला, अन् म्हणता म्हणता डब्ब्याच्या मागं जाऊन वायरी बघू लागला. वा रे मजाक! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"आप्पा, ते माझंय," प्रियू म्हणाली.

"तुझं म्हंजे? घरातलंच ना?"

ती अजून बोलली असती. पण मीनानं तिचं मनगट धरलं अन् स्वयंपाकघरात ओढलं. "प्रियू, पाया पडते तुह्या. आत्ता न्हाई म्हणलीस तर हे तिकडं जाऊन मलाच बोलतेन. वरीसभर बोलतेन."

प्रियूच्या तोंडात शिव्या आल्या होत्या, त्या तिनं गिळल्या. बाहेर येऊन उतरता गेम तिनंच बंद केला, वायरी तिनंच काढल्या. सगुणाबाईनं जाळीला हळदीकुंकू लावलं, दिवा ओवाळला. मॉनिटरसकट सगळं राजूरला गेलं.

पुढं चतुर्थीला मायलेकी राजूरच्या गणपतीला गेल्या, दर्शन करून मीनाकडं टेकल्या. डब्बा बैठकीत होता. धूळ बसू नये म्हणून जाळीवर क्रोशाचा रुमाल टाकलेला.

"तुमचा डब्बा चालूच होईना," आदिनाथनं पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "नुसता पंखा फिरून राह्यला, चित्र न्हाई. जावयाला द्यायचं म्हणून बंद माल गळ्यात मारला का?"

मीना दाराशी खाली मान घालून उभी होती. हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलं होतं, ते तिच्या मानेवरूनच कळत होतं.

प्रियूनं डब्ब्यामागं डोकावलं. मॉनिटरची वायर वरच्या, बोर्डाच्या खाचेत खोचली होती. चित्र येतं ते खालून, कार्डातून; वायर त्या खाचेत पाहिजे. बस्स, एवढंच! अन् एवढंच कळल्यावर तिच्या मनात आलं. म्हणायचं, दाजी, आतून जळालंय, घरी नेऊन बघते. कुणाला कळणार होतं? एका खोट्यात डब्बा परत तिचा. शब्द अगदी ओठावर आले.

तिनं मीनाकडं पाहिलं. मीनानं मान वर केलीच नाही.

प्रियूनं वायर काढली अन् कार्डात लावली. पडदा उजळला.

"बघा!" आदिनाथ म्हणाला. "मी म्हणल्तंच, वायरीचं कायतरी असंल." खुर्ची ओढून तो बसला. ज्या कार्डासाठी तिनं दुकानदाराचं डोकं खाल्लं, त्याच्यावर तो गडी पत्ते लावायला लागला.

"दाजी, तो रुमाल तेवढा काढा. तापंल ते."

"राहू दे. शोभतो."

परतीच्या एसटीत सगुणाबाईनं लेकीचा हात हातात घेतला. "तोंड पाडू नको माय. पुढच्या धोंड्याला तुहाबी नवरा आसंल. त्यालाबी देऊ असंच कायतरी झकास."

प्रियू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, आता डब्बा घेतला तर बिनजाळीचा घेईन."

"घे की. तुला आवडंल तो घे."

पत्र्याखाली बिनजाळीचा डब्बा आतल्या आत जळतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.