संगमरवरी बाईचं उसनं नाक

मी एक नाक बोलतोय. हसू नका! रोमच्या एका जुन्या संग्रहालयात, एका संगमरवरी बाईच्या चेहऱ्यावर मी अडीचशे वर्षं काढली आहेत.

बाई माझ्याहून कितीतरी थोरली, सम्राटांच्या काळातली. द्राक्षाच्या मळ्यात खणताना सापडली तेव्हा तिचं नाक तुटलेलं होतं. बिननाकाची बाई दिवाणखान्यात कोण ठेवणार? मग तिच्या श्रीमंत मालकाने फुल्जेन्झिओ नावाच्या कारागिराला बोलावलं. त्याने आपल्या बायकोला, आन्येझेला, खिडकीशी बसवलं आणि तिच्या नाकाबरहुकूम नव्या दगडात मला कोरलं. मग लोखंडी खिळा घालून मला बाईच्या चेहऱ्यावर पक्कं बसवलं.

पुढे त्या महालाचं संग्रहालय झालं. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय नाक आहे!" मी आपला खूश. माणसांना बाई जुनी हवी असते, पण धडधाकटही हवी असते.

तो खिळाच शेवटी वैरी निघाला. आतल्या आत गंजला, फुगला आणि बाईच्या गालावर केसाएवढी भेग उमटली. मला काढलं नाही तर तिचा चेहरा दुभंगणार होता. काढताना हात चुकला तरी दुभंगणारच होता.

हे काम एर्सिलियाकडे आलं. जुन्या मूर्तींची डागडुजी हाच तिचा पेशा. संग्रहालयवाल्यांना काम लोकांसमोर व्हायला हवं होतं, म्हणून मध्ये फक्त एक दोरी बांधली. झालं! रस्ता खोदताना जमतात तसे पेन्शनर म्हातारे हात पाठीमागे बांधून दोरीपाशी हजर.

"डावीकडून घे गं पोरी," ग्वाल्तिएरो म्हणाले. त्यांचा जन्म बस चालवण्यात गेलेला.

"काका, बस चालवायचात ना?" एर्सिलिया मान वर न करता म्हणाली. "मग जरा ब्रेक लावा."

"आणि फुटली म्हणजे?"

"फुटली तर माझ्या नावाने बोंबला. तोवर गप्प!"

बारीक दातांची तार माझ्या आणि बाईच्या मधल्या सांध्यात शिरली. पुढे, मागे. खिळा कुरकुरत होता आणि प्रत्येक हिसक्याला ती भेग थरथरत होती. मी फार घाबरलो होतो. माझं काय व्हायचं ते होवो, तिला काही होऊ नये, एवढंच मनात होतं.

आणि टक् असा आवाज झाला.

"गेली!" ग्वाल्तिएरो पुटपुटले.

एर्सिलियाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ब्रशने धूळ झटकली, भेगेवरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. भेग होती तेवढीच होती. तुटला होता तो खिळा.

तिने मला अलगद ओढून काढलं आणि समोरच्या टेबलावर फडक्यावर ठेवलं. तेव्हा मी बाईला पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं तिच्या चेहऱ्याच्या मधोमध बसलो होतो, पण ती दिसते कशी ते मला ठाऊकच नव्हतं! जड पापण्या, हट्टी जिवणी. मध्ये माझी रिकामी जागा, आणि तरी ती सुंदर होती.

"अरेच्चा, ही तर रागावलीय," ग्वाल्तिएरो म्हणाले.

"नाही हो काका, दमलीय," एर्सिलिया म्हणाली आणि खाली फरशीवरच बसली.

आता मी बाईच्या समोरच्या भिंतीशी, काचेच्या कपाटात असतो. या, मलाही बघा, माझी ना नाही. फक्त माझ्यासमोर फार वेळ उभे राहू नका. तुम्ही मध्ये आलात की ती मला दिसत नाही.