बाकाखालची तार

धम्मपालने आयुष्यात पुष्कळ लोखंड वाकवलं, पण घमेंड होती ती एकाच वस्तूची. ती वस्तू राजेंद्र नगरच्या बगीच्यात, मुलांच्या छोट्या रेल्वेच्या रुळाशेजारी अर्धी मातीत पुरलेली होती. येणारेजाणारे तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत, आणि याचं धम्मपालला मनापासून वाईट वाटे.

तो होता रूळ बदलणारा कांटा. मोठ्या रेल्वेत कांटा बदलायला खाली माणूस असतो, नाहीतर केबिन असते. इथे कोण ठेवणार माणूस? म्हणून धम्मपालने असं केलं, की ड्रायव्हरने चालत्या इंजिनातूनच दांडा ओढायचा. दांडा ओढला की इंजिनाखाली एक लोखंडी जीभ उतरायची, ती रुळाकडेच्या खुंटीला धडकायची, खुंटीला जोडलेली सळई सरकायची आणि गाडी पोचायच्या आत वाट बदललेली असायची. आधी ‘टण’, मग ‘खट’. शेवटच्या डब्याखालची दुसरी जीभ जाताजाता सगळं पूर्ववत करायची. वीज नाही, बटण नाही. सात वर्षांत एकदाही बिघाड नाही. म्हसोबाला नवस केल्यासारखे लोक मोबाईलपुढे हात जोडतात, त्यांनी एकदा येऊन हे बघावं, असं तो बायकोला सांगायचा. कौसल्याने ते इतक्यांदा ऐकलं होतं की ती भाजी निवडतानिवडता त्याच्याआधी वाक्य पुरं करायची.

इंजिनावर बसायचा वासुदेव. दोघांची दोस्ती महूच्या मीटरगेजवरची. धम्मपालचे वडील पलटणीतले, महूलाच स्थायिक झालेले. धम्मपाल रेल्वेत फिटर झाला. वासुदेवाचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. घोडा गेला आणि पणतवंडांपैकी एकाच्या नशिबी इंजिन आलं. वासुदेवाने पंचवीस वर्षं पाताळपाणीच्या घाटात गाडी चालवली. मीटरगेज बंद झाली, दोघं रिटायर झाले, आणि बगीच्याच्या ठेकेदाराला स्वस्तात दोन म्हातारे मिळाले.

दोन गोल मारायचे आणि तिसऱ्याला फाट्यावरून प्लॅटफॉर्मात शिरायचं, अशी एक फेरी. खऱ्या इंजिनात सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने पुकारायचा आणि शेजारच्या असिस्टंटने तोच परत पुकारायचा, असा नियम असतो. इथे असिस्टंट नव्हता, म्हणून वासुदेवाने पहिल्या डब्यातल्या पोरांनाच नोकरीला लावलं होतं. तो दांडा ओढताना ओरडायचा, “फाटा!” पोरं गळा फाडून ओरडायची, “डावा!” निळा शर्ट कडक इस्त्रीचा, डोक्यावर टोपी. त्याच्या शेजारची सीट मात्र रिकामी. तिथे त्याची पाण्याची बाटली बसायची.

“चल ना मिस्त्री, बस बाजूला,” वासुदेव रोज एकदा तरी म्हणायचा. “जगह खाली आहे.”

“साहेब, मी जमिनीवरचा माणूस. माझं काम रुळावर. वर बसून काय करू, हवा खाऊ?”

वासुदेव बाटली परत सीटवर ठेवायचा. सात वर्षांत धम्मपाल एकदाही इंजिनात बसला नाही. कांट्यासमोरच्या बाकावर बसून आपलीच करामत बघण्यात त्याला जास्त गोडी. फिटर लोकांचं असंच असतं. दुरुस्ती म्हणजे खाली वाकून करायची गोष्ट, अशी त्यांची पक्की समजूत.

मग यंदाच्या फेब्रुवारीत वासुदेवाचं विसरणं सुरू झालं. आधी कौसल्याचं नाव एका बसण्यात दोनदा विचारलं. मग छत्रीबागेतल्या स्वतःच्या घरी जायचं सोडून महूच्या बसमध्ये बसला. धम्मपालने ते हसण्यावारी नेलं. पण एका रविवारी वासुदेवाने पहिल्याच गोलानंतर “फाटा!” म्हणून दांडा ओढला. पोरांचं काय, ती खुशीत “डावा!” ओरडली. दांडा ओढला हेच वासुदेव पुढच्या क्षणी विसरला, ब्रेक लावलाच नाही. गाडी भर वेगात प्लॅटफॉर्मकडे वळली आणि एका मुलीचा ओठ पुढच्या दांडीवर फुटला.

ठेकेदाराचा सुपरवायझर श्रीहरी तिशीचा, स्वभावाने बरा. त्याने धम्मपालला बाजूला घेतलं. “अंकल, मी सांभाळून घेतलं. पण अजून एक कम्प्लेंट आली ना, तर वासुदेवजींना घरी बसवावं लागेल. मेरे हाथ में नहीं है.”

त्या संध्याकाळी वासुदेवाच्या मुलाचा, विक्रमचा फोन आला. विक्रम सरळ मुलगा. आई, द्वारकाबाई, गेल्यापासून बापाला तोच बघायचा. “काका, डॉक्टरांनी सांगितलंय, हे वाढत जाणार. पण इंजिन तेवढं सुटू नये. सकाळी दहापासून शर्ट घालून बसतात ते. ते गेलं तर पप्पांकडे बाकी काही नाही उरत.”

“तू टेन्शन नको घेऊ,” धम्मपाल म्हणाला. “मी बघतो.”

कौसल्या म्हणाली, “बघतो काय? त्यांना सांगून टाका ना सरळ. दोस्त आहेत.”

“काय सांगू? तुझं डोकं चालत नाही, असं?”

“तसं नाही. काहीतरी नीट शब्दांत.”

नीट शब्द धम्मपालकडे नव्हते. त्याच्याकडे पाने होते, पक्कड होती आणि मीटरभर अक्कल होती. सोमवारी बगीचा बंद असतो. सोमवारी सकाळी त्याने खुंटीची सळई कांट्यापासून सोडवली, आणि कांट्याला एक तार बांधून ती मातीखालून आपल्या बाकापर्यंत आणली. बाकाखाली पायाने दाबायची पट्टी बसवली. आता गोल मोजायचे धम्मपालने आणि कांटा बदलायचा धम्मपालच्या पायाने. वासुदेवाने दांडा ओढला काय आणि न ओढला काय, सारखंच. वेळ चुकली तरी जीभ खुंटीला धडकून ‘टण’ वाजणार आणि गाडी बरोबर वाटेने जाणार. प्लॅटफॉर्म समोर दिसला की ब्रेक लागतोच. तो हाताला पाठ होता.

अकरा दिवस झकास गेले. वासुदेव कधी पहिल्याच गोलाला ओरडायचा, कधी ओरडायलाच विसरायचा, पण गाडी घड्याळासारखी चालली. श्रीहरी म्हणाला, “देखा अंकल, वासुदेवजी एकदम फिट!” वासुदेवाचा चेहरा उजळला. फक्त एकदा चहा पिताना तो म्हणाला, “मिस्त्री, तुझा कांटा आजकल उलटा बोलतो. खट आधी, टण नंतर.”

“कान तपासून घे, साहेब,” धम्मपाल म्हणाला, आणि दोघं हसले. ते हसणं पुढे धम्मपालला फार छळणार होतं.

बाराव्या दिवशी कौसल्याचा फोन आला. येताना कोथिंबीर आणा, आणि लिंबं असली तर चार लिंबं. धम्मपालने विचारलं, मोठी की लहान. एवढ्यात एक गोल निघून गेला. दुसरा चालू आहे की तिसरा, हे त्याला कळेना. त्याने मनाशी दुसरा धरला आणि पाय पट्टीपासून दूरच ठेवला.

तो तिसरा होता. आणि त्या दिवशी वासुदेवाचं डोकं धुतलेल्या काचेसारखं लख्ख होतं. त्याने बरोबर मोजलं होतं. बरोबर जागी ओरडला, “फाटा!” पोरं ओरडली, “डावा!” त्याने दांडा ओढला, टण वाजलं, आणि गाडी सरळ निघून गेली.

पोरं खिदळली. पहिल्या डब्यातली एक चिमुरडी उभी राहून म्हणाली, “अंकल, आप भूल गए!”

वासुदेवाने गाडी थांबवली. टोपी काढून सीटवर ठेवली आणि रुळाच्या कडेने चालत मागे आला. धम्मपाल उठून उभा राहिला होता. फोनमध्ये कौसल्या अजून हॅलो हॅलो करत होती. वासुदेव खुंटीपाशी गुडघ्यावर बसला, सुटलेली सळई त्याने हातात घेऊन पाहिली. मग मातीत उमटलेल्या रेघेवरून त्याची नजर बाकापर्यंत आली, बाकाखालच्या पट्टीवर थांबली.

“कधीपासून?”

“वासू, ऐक—”

“कधीपासून, मिस्त्री?”

“बारावा दिवस.”

“म्हणजे बारा दिवस मी खेळण्यातला दांडा ओढतोय. जत्रेत लहान पोराला देतात ना हातात स्टिअरिंग, तसा.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर धम्मपालला सोपं गेलं असतं. “मी विसरतो ते मला माहीत आहे रे. रोज रात्री उशीखाली चिठ्ठी ठेवतो, सकाळी वाचतो, की मी वासुदेव, मी गाडी चालवतो. तू काय समजलास, मला पता नाही?”

धम्मपालने फोन बंद केला.

“घाटात पंचवीस वर्षं कोणीतरी शेजारी बसून सिग्नल पुकारला माझ्यासाठी. त्यात कधी लाज वाटली मला? तोच कायदा आहे. एकटा माणूस चुकतो, म्हणून दुसरा बसवतात. सात वर्षं सीट खाली ठेवली तुझ्यासाठी. बाजूला बसून नुसता ओरडला असतास, ‘वासू, तिसरा!’ तर मी चालवली असती गाडी. मरेपर्यंत चालवली असती.” त्याने सळई जपून खाली ठेवली, जणू तिला लागेल. “आज मी बरोबर होतो, मिस्त्री. आज तू चुकलास.”

पोरं डब्यात ताटकळली होती, आयाबाया हाका मारत होत्या. वासुदेवाने इंजिनातून पाण्याची बाटली घेतली आणि फाटकाबाहेर पडला. टोपी सीटवरच राहिली.

धम्मपालने दुसऱ्या दिवशी उजाडताच सळई पुन्हा जोडली, तार उपटून फेकली. दुपारी चारला तो पहिल्यांदाच इंजिनात जाऊन बसला, शेजारच्या सीटवर, आणि वाट बघत राहिला. वासुदेव आला नाही. चार वेळा तो छत्रीबागेत जाऊन आला. चारही वेळा विक्रम दारात खाली मान घालून म्हणाला, “पप्पा झोपलेत, असं सांगायला सांगितलंय, काका.” पाचव्यांदा जायची धम्मपालला लाज वाटली. उद्या जाऊ, परवा जाऊ, करताकरता उन्हाळा गेला, पाऊस गेला. श्रीहरीने इंजिनावर दुसरा माणूस बसवला. तो पुकारत नव्हता, त्यामुळे पोरंही ओरडेनाशी झाली. धम्मपालला बगीच्यात बसवेना.

दिवाळीनंतर विक्रमचा फोन आला. “काका, आता या. आता ते नाही म्हणणार नाहीत.”

धम्मपालने ती टोपी धुऊन पिशवीत घेतली. वाटेत त्याने नीट शब्द जुळवले. या वेळी ते खरंच जुळले. वासू, माझं चुकलं. मी खाली वाकून दुरुस्ती करायला गेलो, वर बसायला हवं होतं. एवढंच. कान्ह नदीच्या पुलावर रिक्षात बसल्याबसल्या त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं.

वासुदेव सोफ्यावर बसला होता. निळा शर्ट, कडक इस्त्री. शेजारी सोफ्यावर पाण्याची बाटली. धम्मपालला बघून तो अदबीने जरा उठला.

“या, या. बसा. आपण?”

धम्मपालचे जुळवलेले शब्द तिथेच विरले. तो समोरच्या खुर्चीवर टेकला. “मी… रेल्वेतलाच.”

“अच्छा! मग आपलेच.” वासुदेव खुलला. घाटाबद्दल बोलला, बोगद्यातल्या धुराबद्दल बोलला. मग थांबला, आणि शर्टाच्या बाहीची घडी सारखी करत म्हणाला, “माझा एक दोस्त होता. फिटर. उस्ताद माणूस. त्याने माझा कांटा तोडून घेतला.”

दाराशी उभ्या विक्रमने तोंड फिरवलं.

“का तोडला?” धम्मपालने विचारलं.

“ते नाही आठवत. मी काहीतरी फार बोललो त्याला बहुतेक. तेव्हापासून येत नाही.”

“राग आहे तुमचा त्याच्यावर?”

“होता. आता कसला राग, भैया.” वासुदेव पुढे झुकला. “तुम्ही रेल्वेतले ना? कुठे भेटला तर सांगाल त्याला? म्हणावं, जागा ठेवलीय.”

धम्मपालला बसवेना. तो उठला, सोफ्यावरची बाटली उचलून हातात धरली आणि वासुदेवाच्या शेजारी बसला. त्याच्या खांद्याला खांदा लागला. “वासू,” तो म्हणाला, “तिसरा.”

वासुदेवाने त्याच्याकडे वळून बराच वेळ पाहिलं. मग संकोचाने, पाहुण्याला वाईट वाटू नये अशा बेताने, बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

“माफ करा हं,” तो म्हणाला. “इथे नका बसू. ही त्याची जागा आहे.”

धम्मपाल उठला आणि समोरच्या खुर्चीवर जाऊन बसला.