आतून कडी

आमच्या या आधारगृहात प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे. खोलीला दार आहे, दाराला बाहेरून कोयंडा आहे, आतून मात्र काही नाही. मनाने आजारी माणसाला आडोसा लागत नाही, असं शहाण्या लोकांनी ठरवून टाकलंय. कपडे बदलताना मी दाराला खुर्ची लावते. आले तेव्हापासून एकच मागते आहे, आतून कडी.

परवा समाधान मोजायला एक पोरगी आली. समाधान मोजायचं म्हणे! हातात टॅब, त्यावर ओळीने चेहरे, रडक्यापासून दात काढणाऱ्यापर्यंत. व्यवस्थापकांनी आदल्या दिवशीच सगळ्यांच्या कानात सांगून ठेवलं होतं, "रडक्यावर बोट ठेवलंत तर बिचारीची नोकरी जाईल." झालं! शेजारच्या खोलीतले मामा, जे इथल्या पाणचट चहाला रोज शिव्या घालतात, ते लोण्यासारखे विरघळले. "घे गं बाळा," म्हणत त्यांनी सगळीकडे दात काढणारा चेहरा दाबला. बाकीच्यांनी त्यांचीच री ओढली. असल्या भोळेपणाचीही मला चीड येते.

मी केस पुसत होते, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. ना टकटक, ना हाक. पोरगी आणि तिच्या मागे व्यवस्थापक.

पोरीने वाचलं, "तुमच्या खासगीपणाचा इथे मान राखला जातो का?"

"आत्ता तुम्ही आत आलात, ते कसं आलात?"

"ताई, चेहरा निवडा ना."

"मला चेहरा नको, कडी हवी आहे."

"कडीचा प्रश्न यात नाहीये, ताई."

मी रडका चेहरा असा दाबला, की टॅब तिच्या हातातून निसटता निसटता राहिला.

व्यवस्थापक गोड हसले. "ताईंची तब्येत आज जरा बरी नाही. यांचं धरू नका."

"त्याचीही सोय आहे," पोरगी म्हणाली. "उत्तर देण्याच्या स्थितीत नाही, असं टाकते."

संतापाने मी हातातला टॉवेल जमिनीवर आपटला. तिने तेही टिपून घेतलं.

पुढच्या आठवड्यात माझ्या दाराशी सुतार आला. ड्रिलचा आवाज ऐकून माझा जीव सुपाएवढा झाला. "भाऊ, कडी जरा खाली बसवा, हाताशी येईल अशी."

"कडी कसली? मला पाटी लावायला सांगितलंय."

माझी खोली मुख्य दरवाजासमोर आहे, आल्यागेल्याची नजर पहिली तिथेच पडते. म्हणून ती चकचकीत पाटी माझ्याच दारावर लागली, बाहेरून. 'येथील सर्व रहिवासी पूर्ण समाधानी आहेत.'

आता येणारा प्रत्येक पाहुणा ती वाचायला थांबतो, आणि आत कोण आहे ते बघायला दार ढकलतो. नुसत्या खुर्चीने भागत नाही. मी तिच्यावर बसूनच कपडे बदलते.