खिळ्यावरची किल्ली

एकतीस वर्षांत गादीवाल्याने गावाला जाताना खोलीची किल्ली कधी खिशात नेली नव्हती. मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात दारामागे एक खिळा होता. त्यावर अडकवायची आणि निघायचं. मालकीणबाई खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायच्या, पत्र आलं तर आत टाकायच्या. कागदावरचा करार पहिल्याच वर्षी झाला होता. तो कुठल्या ट्रंकेच्या तळाशी गेला हे दोन्ही घरांना आठवत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

मालकीणबाई गेल्या. घर मुलाकडे आलं. गादीवाल्याच्या पिंजलेल्या कापसात लोळून मोठं झालेलं पोर, त्याला सगळे अजून धाकटे मालकच म्हणत.

मग गादीवाल्याच्या बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं. मोठा दवाखाना मुलीच्या शहरात होता. निघण्याच्या सकाळी गादीवाल्याने दाराला आपलं जाडजूड कुलूप लावलं आणि पाय आपसूक मालकांच्या स्वयंपाकघराकडे वळले. खिळा होता तिथेच होता.

"धाकटे, किल्ली लावलीय हो. कुंड्यांकडे जरा बघा."

"बरं काका. सावकाश या," धाकटे मालक फोनमधून डोकं वर न काढता म्हणाले.

चार महिन्यांचे सात झाले. भाडं जावई न चुकता पाठवत होता. मुलीच्या दोन खोल्यांच्या घरात जावई सासूला पलंग देऊन स्वतः दारापाशी झोपायचा, आणि सकाळी त्याची आखडलेली मान पाहून गादीवाल्याला घास उतरायचा नाही. बायकोला त्या कडक पलंगावर डोळ्याला डोळा लागत नव्हता. घरी मात्र तिची गादी होती. दुखणं सुरू झालं तेव्हा त्याने खास तिच्यासाठी भरलेली, कमरेपाशी घट्ट आणि खांद्यापाशी सैल.

"साऱ्या गावाला मऊ झोपवता आणि मला इथे फळीवर टाकलंत," ती म्हणायची. मग हळूच, "अहो, मला घरी न्या. जे काय व्हायचं ते तिथे होऊ दे."

डॉक्टरांनीही फार आशा ठेवू नका असं त्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं. म्हणून खोली झाडून घ्यायला तो एकटाच पुढे आला.

दारावर नवं कुलूप होतं. जिन्याखाली त्याचा संसार रचून ठेवला होता. भांडी, ट्रंक, शिवणाच्या लांब सुया, पिंजायचं यंत्र, आणि सगळ्यांवर ती गादी. शेजारी कुंड्या, त्यांत नुसत्या काड्या.

"काका, तुम्हीच किल्ली देऊन गेलात ना?" धाकटे मालक म्हणाले.

"ठेवून गेलो रे. देऊन नाही."

"तेच ते. माझ्या वकिलांनी सांगितलं, किल्ली दिली म्हणजे ताबा सोडला. मी कुलूप फोडलं नाही काही. तुमच्याच किल्लीने उघडलं."

गादीवाला जवळच्या एका वकीलबाईंकडे गेला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"भाडं वेळेवर गेलंय. कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला तुमचं सामान हलवता येत नाही. हक्क तुमचाच आहे."

गादीवाल्याचा जीव भांड्यात पडला. "मग?"

"मग दावा लावायचा. तो म्हणणार, किल्ली राजीखुशीने दिली. तुम्ही म्हणणार, नेहमीसारखी ठेवली. ती नेहमीची रीत कुणाला ठाऊक आहे?"

"मालकीणबाईंना."

"त्यांना बोलवता येईल?"

"त्या वारल्या."

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. "लेखी काही?"

"बाई, खिळ्याला कुणी पावती मागतं का?"

त्या हसल्या नाहीत. "चार-पाच वर्षं धरून चाला. आणि एक लक्षात ठेवा, तोवर कशावरही सही करू नका. सामान मिळालं असं लिहून दिलंत की संपलं."

चार-पाच वर्षं. डॉक्टर तर महिन्यांचंही नीट बोलले नव्हते.

तो परत आला. "धाकटे, मला फक्त गादी ने‌ऊ दे. तुझ्या काकूला झोप नाही."

"एकच कशी? उद्या म्हणाल, भांडी गेली. सगळंच न्या ना. इथे सही करा फक्त."

कागद त्याने उभ्याउभ्याच वाचला. सर्व सामान मिळाले. खोली स्वखुशीने सोडली असून तिच्यावर माझा कोणताही हक्क राहिलेला नाही. त्याने गादीवर हात ठेवला. धुळीने वरचं कापड खरखरीत झालं होतं, पण आतला कापूस अजून दबला नव्हता. त्याने सही केली.

टेम्पोत गादी चढवायला धाकटे मालक स्वतः पुढे झाले. "जपून काका, कंबर सांभाळा," म्हणाले. मग आठवल्यासारखं करून त्यांनी खिशातून कुलूप आणि किल्ली काढली. "हे तुमचं. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणारा मी नाही."

संध्याकाळी मुलीने आणि जावयाने उचलून तिला गादीवर ठेवलं. तिने डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

"लागली बाई पाठ," ती म्हणाली. जरा वेळाने तिने डोळे उघडले. "पण अहो, घरीच जायचंय तर हे ओझं इकडे कशाला वाहून आणलंत?"

तो तिची उशी सारखी करायला वाकला. सदऱ्याच्या खिशातून किल्ली घसरून तिच्या हातापाशी पडली.

तिने ती उचलली. उलटसुलट करून पाहिली. मग त्याच्या खिशाकडे पाहिलं. गावाला आलेल्या नवऱ्याच्या खिशात ती किल्ली तिने आजवर कधी पाहिली नव्हती.

तिने मूठ मिटली आणि तोंड भिंतीकडे केलं.