अंड्यावरची बोटं

"एवढं मोठं घर बांधलं, पण एक बादली ठेवणं काही यांच्याच्यानं झालं नाही," आई बाथरूममधल्या नळाला सांगत होती. "उभ्यानं अंघोळ करा म्हणे. मी काय घोडा आहे?"

दार पातळ होतं. बाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या धाकटीला हसू दाबता येईना.

जुन्या इमारतींचा अभ्यास करायला म्हणून ती या परक्या देशात आली, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. एका म्हाताऱ्या घरमालकिणीकडे वरची खोली भाड्यानं घेऊन राहायची. आई पहिल्यांदाच आली होती आणि पुढच्या आठवड्यात परत जायची होती. नळ, मऊ गादी, गार दूध, सगळ्यांशी आईचं रोज एकदा वाजायचं. पण परत जायच्या गोष्टीवर मात्र ती अवाक्षर काढत नव्हती. दोन दिवसांच्या लग्नाला जायचं तरी आठवडाभर आधी भरलेली बॅग दारात आणून ठेवणारी ही बाई. आणि आता तिची बॅग पलंगाखाली रिकामी पडली होती. वजन किती चालतं हेसुद्धा तिनं विचारलं नव्हतं.

धाकटीही तो विषय काढत नव्हती. तिचं कारण वेगळं होतं.

काही महिन्यांपूर्वी दादानं घराच्या नकाशाचा फोटो पाठवून विचारलं होतं, "ही मधली भिंत भाराची आहे का गं? काढली तर चालेल?" दादानं आपल्याला काही विचारावं, याचंच तिला केवढं अप्रूप! तिनं जाडी बघितली, वरची तुळई कुठून जाते ते बघितलं आणि ऐटीत कळवून टाकलं, "भार नाही. बिनधास्त काढ." भिंत तेवढी बघितली. भिंतीच्या एका बाजूला हॉल आणि दुसऱ्या बाजूला आईची खोली, हे डोक्यात आलं तेव्हा वाटलं, कधीतरी करणार असतील, आईला विचारूनच करतील. मग गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन. "वन्सं, काम झालं हो! हॉल काय सुंदर निघालाय! आईंना मात्र इतक्यात बोलू नका, आल्या की हळूहळू सांगू. त्यांचं मागच्या गॅलरीला काचा लावून करू काहीतरी."

काम असलं की वहिनीच्या तोंडी 'वन्सं' यायचं. धाकटीला सलत होतं ते 'काहीतरी'. त्या गॅलरीत वॉशिंग मशीन ठेवलं तर माणसाला आडवं होऊन जावं लागायचं. आता आईला सांगायचं कसं? आणि सांगितलं नाही, तर ती विमानातून उतरून थेट सोफ्यासमोर उभी राहणार.

शनिवारी ती आईला आपली आवडती गल्ली दाखवायला घेऊन गेली. चिकटून उभी असलेली अरुंद घरं, दारावर अर्धगोल काच, पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झालेल्या. एरवी धाकटी इथे एकटीच वही घेऊन तास न् तास रमायची; कोणती वीट कधीची, कोणत्या दाराची चौकट नंतर बदलली, हे शोधताना तिला जेवायची शुद्ध राहायची नाही. आज तिनं आईला कोपऱ्यावरच्या घरासमोर उभं केलं.

"वरची डावीकडची खिडकी बघ. खोटी आहे. नुसती रंगवलीय, पडद्यासकट."

आईनं चष्मा वर केला, खाली केला. "अगंबाई! आणि मागे?"

"मागे भिंत. बाहेरून जोडी जुळावी म्हणून."

"म्हणजे लोकांना दाखवायला." आईनं जरा विचार केला. "बरं आहे. काच पुसायला नको."

दोघी हसल्या. मग आई उगाचच तिथे रेंगाळली. "पण एवढी हौसेनं रंगवली, तर खरीच का नाही ठेवली?"

"आतून तिथे जिना जातो."

"मग? जिन्याला काय उजेड नको?"

आता सांगावं, असं धाकटीला वाटलं. तोंड उघडलंही. आणि त्याच तोंडानं तिनं विचारलं, "कॉफी घेऊया का?"

रविवारी दुपारी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात अंडी रंगवायची बैठक असायची. म्हातारी पूर्वी शाळेत हस्तकला शिकवायची. आता शिकवायला धाकटी एकटीच उरली होती, त्यामुळे सगळी शिस्त तिच्याच वाट्याला यायची. पहिल्यांदा धाकटी खाली आली ती केवळ ते स्वयंपाकघर उबदार असतं म्हणून. आता मात्र ती रविवारची वाट बघायची. मेणबत्तीवर तापवलेल्या बारीक नळीनं अंड्यावर मेणाची रेघ ओढायची, मग अंडं पिवळ्या रंगात. जे पिवळं राहायला हवं त्यावर पुन्हा मेण, मग लालमध्ये, शेवटी काळ्यामध्ये. तोवर अंडं इतकं मेणचट आणि कळकट दिसायचं की फेकून द्यावंसं वाटावं. मग ज्योतीच्या कडेला धरून वितळलेलं मेण फडक्यानं पुसलं, की आत जपून ठेवलेले रंग एकेक करून वर यायचे. धाकटी त्यावर गल्लीतली घरं काढायची. कागदावर गल्लीला सुरुवात असते आणि शेवट असतो. अंड्यावर मात्र शेवटचं दार फिरून पहिल्या दाराला येऊन भिडायचं, आणि दर वेळी तिला त्याची नव्यानं मजा वाटायची.

आई दाराजवळ खुर्ची घेऊन बसायची, चार हात लांब. घरात कधी अंडं शिरू दिलं नव्हतं तिनं. "मी शिवणार नाही. बघायला काय जातंय," हे पहिल्याच दिवशी जाहीर झालं होतं. मावशीला मात्र तिनं फोनवर ठणकावलं होतं, "खात नाही गं ती, रंगवते! चित्रकलाच म्हणायची."

त्या रविवारी घरमालकिणीनं लाल रंगातून अंडं बाहेर काढलं आणि भुवया वर चढवल्या. अंड्याच्या पोटावर चार-पाच फिकट ठसे होते. तिथे लाल रंग बसलाच नव्हता.

"तेलाच्या हातानं कुणी धरलं होतं हे?" तिनं धाकटीला विचारलं. "हजारदा सांगितलंय, साबणानं हात धुतल्याशिवाय अंड्याला हात लावायचा नाही."

"काय म्हणतात बाई?" आईनं दारातून विचारलं.

"तेलाची बोटं उमटलीत म्हणतात. कुणाची ते विचारतायत."

आई खिडकीबाहेर बघायला लागली. "तुझीच असतील."

"मी कुठे तेल लावते, आई?"

"तेच तर! केसांची काय दशा झालीय बघ."

घरमालकिणीला भाषा कळली नाही, बाकी सगळं कळलं. तिनं आईच्या चापूनचोपून बसवलेल्या वेणीकडे बघितलं, मग अंड्याकडे, आणि मोठ्यानं हसली. आईचे कान लाल झाले.

"तू कॉलेजात जातेस," आई पुटपुटली. "दिवसभर मी कुणाशी बोलू? बाई आपल्या बागेत असतात. मग खाली येऊन नुसतं हातात धरून बसते. बरं वाटतं. खाल्लं तर नाही ना?"

धाकटीनं ते भाषांतर करून सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. घरमालकिणीनं साबणाची वडी आईपुढे धरली.

आईनं कोपरापर्यंत हात धुतले आणि खुर्ची टेबलाला लावली. पाचव्या मिनिटाला तिचं घरमालकिणीशी वाजलं. आईनं जन्मभर विटलेले पडदे घरी रंगवले होते. "यांना सांग, रंग गाळून घ्या. तळाला गुठळ्या आहेत. डाग पडतील." घरमालकीण तिच्या भाषेत नाही म्हणाली, आई मराठीत हो म्हणाली आणि दोघी मिळून जुन्या फडक्यातून रंग गाळायला बसल्या. आईची बोटं लाल झाली. गेल्या कित्येक दिवसांत धाकटीनं तिला इतकं खुशीत बघितलं नव्हतं. आणि तेवढ्यात फोन वाजला.

दादा. तोही व्हिडिओ कॉल. एरवी तो तिकडे रात्र झाल्यावर करायचा, एका पांढऱ्या भिंतीला पाठ लावून. आज सुट्टी होती, म्हणून लवकर केला असावा. तिकडे उन्हं उतरायला आली होती. धाकटीनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

"काय आई, मजा आहे ना?" दादा सोफ्यावर पसरला होता. "राहा की अजून महिनाभर. घाई काय आहे? तिकीट बदलता येतं."

"हो ना आई," मागून वहिनी. "इथे नुसता उकाडा आहे."

आईनं हातातलं अंडं हळूच वाटीत ठेवलं. "डोळे का बारीक करतोयस?"

"ऊन येतंय गं. या वेळेला तिरकं येतं."

असं म्हणून दादा एकदम सावरून बसला. त्या हॉलमध्ये कधी उन्हाचा कवडसा आला नव्हता. पश्चिमेची खिडकी त्या घरात एकच होती, आईच्या खोलीत. दुपारी तिच्या उजेडात बसून आई गुडघ्यांना तेल चोळायची.

"पडदा ओढते थांबा," वहिनी घाईनं म्हणाली, आणि कॅमेरा कुणीतरी भलत्याच बाजूला वळवला. क्षणभर पंखा दिसला.

धाकटीच्या हातातलं फडकं मेणानं कडक होत चाललं होतं. घरमालकीण कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होती. "आई," धाकटीला शब्द जुळेनात, "दादानं मला विचारलं होतं, ती भिंत... मी फक्त भार बघितला. मला वाटलं—"

"तू थांब गं."

आईनं लाल बोटं फडक्याला पुसली, डब्याला टेकवलेला फोन उचलून सरळ चेहऱ्यासमोर धरला. रागानं वाकडी झालेली आई मुलांना पाठ होती. ही तशी दिसत नव्हती. भाजीवाल्याला भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली,

"भिंत पाडलीस, हॉल छान दिसतोय. आता मी झोपायचं कुठे, तेवढं सांग."