पाच चेहऱ्यांचा तक्ता

दीर्घकालीन अभ्यासाला एक रोग हमखास लागतो: माणसं गळतात. पहिल्या वर्षी दोनशे येतात, तिसऱ्या वर्षी शंभर, आणि सहाव्या वर्षी संशोधक स्वतःच्या मेहुण्याला धरून आणतो.

ताईंच्या अभ्यासाला मात्र हा रोग शिवला नव्हता. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंची तब्येत दहा वर्षांत कशी बदलते ते पाहायचं काम होतं. दर सहा महिन्यांनी वजन, रक्तदाब, चालणं, झोप आणि शेवटी दुखण्याखुपण्याचे प्रश्न. हे सगळं जुळवून आणणाऱ्या त्या ताई. दोनशे बारा खेळाडूंपैकी साडेनऊ वर्षांनी दोनशे नऊ शिल्लक होते. उरलेले तिघे देवाघरी गेले होते, त्यांचाही नाइलाज होता. बाकीचे तर तारखेच्या आठवडाभर आधीपासून ताईंनाच फोन करून आठवण द्यायचे. "कसं वाटतंय?" असं विचारून वर उत्तरासाठी थांबणारं माणूस त्यांना दुसरं कुणी भेटतच नव्हतं.

अभ्यासाचे प्रमुख मोठे सर या निष्ठेचं श्रेय स्वतःच्या नेतृत्वाला देत. सरांनी आजवर एकाही खेळाडूचा रक्तदाब मोजला नव्हता, पण परिषदांमध्ये ते "माझे खेळाडू" असं म्हणत, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं, या गृहस्थांनी सगळ्यांना अंगाखांद्यावर खेळवलंय. त्यांचा खरा लाडका होता एक आलेख, दुखण्याचा. खेळाडूंची वयं वाढत होती, गुडघे कुरकुरत होते, आणि आलेखाची रेघ मात्र तळाशी ताणून झोपली होती. दुखणं जवळजवळ शून्य. "खेळ वेदनेवर मात करतो," असं सर त्याखाली लिहीत. आकडेमोड बघणारा एकदा चाचरत म्हणाला होता, "सर, दोनशे माणसांत एकाचीही पाठ दुखत नाही? माझी तर आत्ता दुखतेय." सरांनी त्याला मैदानावर जायला सांगितलं.

आता दहा वर्षं भरत आली होती. पुढच्या दहा वर्षांची मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवायला शुक्रवारी समिती येणार होती. आणि शेवटच्या फेरीच्या ऐन धामधुमीत, सोमवारी, ताईंचा घसा बसला. असा बसला, की साधं "हं" निघेना.

काम थांबवणं शक्य नव्हतं. पहिला नंबर होता तोफेचा. तोफ म्हणजे गोळाफेकवाली, वय चौतीस, दंड पैलवानासारखे, आणि बोलणं तीन खोल्यांपलीकडे ऐकू जाणारं. सोबत तिची थोरली बहीण. आई गेल्यापासून तोफेचं सगळं तीच बघायची. ताईंनी घशाकडे बोट दाखवलं आणि प्रश्नांचा कागद बहिणीच्या हातात दिला. बहीण वाचत गेली. शेवटी पाच चेहऱ्यांचा तक्ता आला. पहिला चेहरा हसरा, म्हणजे अजिबात दुखत नाही. पाचवा रडका, म्हणजे सहन होत नाही.

"सांग, अंगात कुठे दुखतंय? चेहरा दाखव."

तोफेने हसऱ्या चेहऱ्यावर बोट आपटलं आणि ताईंकडे पाहिलं. ताई गप्प. बोट दुसऱ्या चेहऱ्यावर सरकलं. पुन्हा ताईंकडे नजर. मग तिसरा, मग चौथा. पाचव्यावर थोडा वेळ थांबून बोट परत पहिल्यावर आलं, आणि या वेळी तिने ते चांगलं दाबून धरलं.

"ताई," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "कुठला गं?"

ताईंना एकदम उमगलं. त्यांना एक सवय होती. उत्तर आलं की "शाब्बास!" म्हणायची. खेळाडू बिचकू नयेत म्हणून त्यांनी ती पहिल्याच वर्षी लावून घेतली होती. आणि माणूसच त्या, हसऱ्या चेहऱ्याला शाब्बास जरा खणखणीत निघायचं, टाळीसकट. रडक्याला नुसतं "बरं". ज्यांना शिकवलंच होतं शिट्टीने, टाळीने आणि प्रशिक्षकाचा चेहरा वाचून, त्यांना तेवढं पुरलं. दोन फेऱ्यांत त्यांनी बरोबर उत्तर हुडकून काढलं. जगाने ज्यांना मंद ठरवलं ते या परीक्षेत पहिल्याच वर्षी पास झाले. शिकलेल्यांना साडेनऊ वर्षं लागली.

"बरं झालं विषय निघाला," बहीण म्हणाली. "ही हल्ली जिना बसून चढते हो. एकेक पायरी, बुडावर. पण तुम्ही घरी देता त्या तब्येतीच्या कार्डावर दर वेळी येतं, वेदना नाहीत. एवढे मोठे डॉक्टर म्हणतायत म्हटल्यावर मी कशाला नेऊ हाडांच्या डॉक्टरकडे? मला वाटलं, नाटकं करते. ओरडायचे मी तिला."

ताईंना इतकी लाज वाटली, की घसा बसला नसता तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटला नसता.

त्या दिवशी आणखी चार खेळाडू आले. चौघांचीही बोटं तक्त्यावर अशीच हिंडली. संध्याकाळी ताई सगळं कागदावर लिहून सरांकडे गेल्या. सोबत तोफेला हाडांच्या विभागात पाठवायची चिठ्ठी होती, कारण तिच्यावर सरांची सही लागायची.

सरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पण बाई, पद्धत अशी मध्येच बदलता येत नाही," ते म्हणाले. "एकोणीस फेऱ्या शाब्बास म्हणून घेतल्या. विसावी शाब्बासशिवाय घेतली तर तुलना कशाशी करायची? शाब्बास आता पद्धतीचा भाग आहे. शास्त्र आहे हे, शास्त्र!"

ताईंनी चिठ्ठी पुढे सरकवली.

"सही शुक्रवारनंतर. समिती दाराशी आलेली असताना आपल्याच कार्डाविरुद्ध आपणच चिठ्ठी द्यायची? याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात." त्यांनी ड्रॉवरमधून घशाच्या गोळ्या काढल्या. "या घ्या. तुम्ही आधी आवाज आणा."

आवाज गुरुवारी आला. पण चार दिवसांच्या मौनात ताईंनी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या होत्या, तेवढ्या सरांनाही घातल्या नव्हत्या.

शुक्रवारी समितीचे पाच जण ओळीने बसले. मुलाखत कशी होते ते दाखवायला सरांनी मुद्दाम तोफेला बोलावलं होतं, कारण तिच्याकडे पाहून कुणाचीही तब्येत खूश व्हावी. ती बहिणीच्या खांद्यावर भार टाकून, एका बाजूला कलत आत आली. समितीने तिचे दंड पाहिले. "काय बांधा आहे!" एक जण म्हणाला.

ताईंनी तक्ता ठेवला, प्रश्न विचारला आणि तोंड मिटून बसल्या. तोफेचं बोट हसऱ्या चेहऱ्यावर आलं. थांबलं. दुसऱ्याकडे निघालं, तिसऱ्यावर घुटमळलं, आणि घाबरून पहिल्यावर परतलं.

"शाब्बास!" सर ओरडले आणि त्यांनी टाळी वाजवली. समितीनेही वाजवली. पाहुण्यांना टाळीचं वावडं नसतंच. तोफेचा चेहरा उजळला.

"पाहिलंत? नोंदवा, बाई."

"नाही नोंदवणार," ताई म्हणाल्या. "हे उत्तर तुम्ही दिलंत, सर. आधीची एकोणीस मी दिली. तिला अजून कुणी विचारलेलंच नाही."

मग त्यांनी समितीला सगळं सांगितलं, शाब्बासपासून जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत, स्वतःला जराही न वाचवता. मागे आकडेवाल्याने बऱ्याच वर्षांनी पाठ ताठ केली. समितीच्या अध्यक्षबाईंनी समोरचा आलेख उलटा करून ठेवला. ताईंनी चिठ्ठी सरांसमोर धरली. पाच जणांच्या देखत नाही कसं म्हणणार? सरांनी हसतमुखाने सही केली. हसरा चेहरा त्यांनाही छान जमत होता.

मुदतवाढ मिळते की नाही हे बघायला ताई थांबल्या नाहीत. तोफेला चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांनी हाडांच्या विभागात नेलं. फोटो निघाले. डॉक्टरांनी ते उजेडावर धरले आणि मान हलवली. खुब्याचा सांधा पार झिजला होता. दुखणं कालपरवाचं नव्हतं, आठ-दहा वर्षांचं असावं. वेळेवर कळलं असतं तर औषधांवर भागलं असतं, आता कापावं लागणार. गोळाफेक बंद.

बहीण अर्ज भरायला खिडकीपाशी गेली. ताई तोफेच्या खुर्चीशेजारी बाकावर बसल्या. मग त्यांनी विचारलंच.

"एवढी वर्षं दुखत होतं, मग मला एकदा तरी का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं की!" तोफ नेहमीच्या आवाजात म्हणाली, आणि सगळी रांग वळून बघू लागली. "पहिल्या वेळी. रडका चेहरा दाखवला. तर तुझंच तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, जाऊ दे. बिचारी नवीन आहे."